वाचकांचे प्रश्न : नवा करार जुना का होत नाही?

बायबलमधल्या, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायावर गेल्या अंकात लेख आला होता. यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेला नवा करार (यिर्मया ३१:३१-३४; इथे बायबलचा ‘नवा करार’ हा भाग नव्हे, देवाने आपल्या लोकांशी केलेला करार) ख्रिस्ताने केला आणि त्याच्या जागी आणखी कुठला करार येणार नाही, असे त्यात म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांब पत्रे आखूड केली आहेत.

प्रश्न : शब्बाथाला ‘सर्वकाळचा करार’ म्हटले आहे (निर्गम ३१:१६). सुंतेलाही म्हटले आहे (उत्पत्ती १७:१३). फिनहासाच्या याजकपणालाही (गणना २५:१३). बहुतेक ख्रिस्ती लोक यातले काहीच त्या रूपात पाळत नाहीत. मग नव्या कराराला ‘सर्वकाळचा’ म्हटल्याने काय सिद्ध होते?

नुसत्या त्या शब्दाने काहीच सिद्ध होत नाही. हे आधीच मान्य केले तर पुढचा बराच गोंधळ टळतो.

हिब्रू शब्द आहे ‘ओलाम’. त्याचा अर्थ ‘ज्याचे टोक दिसत नाही इतका काळ’ असा घ्यावा. टोक किती दूर, हे तो शब्द कशाला जोडला आहे त्यावर ठरते. निर्गम २१:६ मध्ये धन्याला सोडून न जाणाऱ्या दासाचा कान दाराच्या चौकटीशी आरीने टोचतात आणि मग तो ‘ओलाम’ चाकरी करतो, म्हणजे मरेपर्यंत. योना माशाच्या पोटात असताना म्हणतो की पृथ्वीचे अडसर माझ्यामागे ‘ओलाम’ लागले. तो तिथे तीन दिवस होता. आणि ९० व्या स्तोत्रात हाच शब्द देवाला लावला आहे, तिथे टोक मुळीच नाही. दासाला लावला तर आयुष्यभर, देवाला लावला तर अनंत.

इब्री पत्राच्या लेखकाला ही अडचण ठाऊक असावी, असे त्याच्या मांडणीवरून वाटते. ‘सर्वकाळचा करार’ हे शब्द तो अगदी शेवटी, १३:२० मध्ये, आशीर्वाद देताना वापरतो. वाद घालताना तो त्यांच्यावर भार टाकत नाही. त्याचा भार आहे सातव्या ते दहाव्या अध्यायांतल्या मुद्द्यांवर.

पहिला मुद्दा शपथेचा. लेवीचे याजक, म्हणजे लेवीच्या वंशातले जुने याजक, शपथेवाचून नेमले गेले. स्तोत्र ११०:४ मधला याजक (इब्री पत्राच्या मते ख्रिस्त) मात्र शपथेने नेमला आहे आणि ‘परमेश्वर ती बदलणार नाही’ असे तिथेच म्हटले आहे. दुसरा मुद्दा मृत्यूचा, आणि तो फार साधा आहे : जुने याजक पुष्कळ होते, कारण ते मरत (७:२३). याजक मेला की दुसरा आणावा लागे. उठलेला ख्रिस्त मरत नाही, म्हणून त्याच्या जागी कोणी येत नाही. तिसरा मुद्दा यज्ञाच्या संख्येचा. रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक, अशी दोन कोकरी अर्पण करायची होती (गणना २८:३-४). वर्षाला ती सातशेहून अधिक होतात. त्यावर सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी प्रायश्चित्ताचा दिवस : प्रमुख याजकासाठी गोऱ्हा, लोकांसाठी दोन बकरे, त्यांतला एक मारायचा आणि दुसरा रानात सोडायचा. पुढच्या वर्षी तोच विधी पुन्हा. लेखक विचारतो, याने पाप खरेच निघाले असते तर हे थांबले नसते का? (१०:२)

इथे निवासमंडपातले, म्हणजे हे यज्ञ जिथे होत त्या उपासनेच्या तंबूतले, सामान एकदा मोजून पाहण्यासारखे आहे. वेदी, गंगाळ, समर्पित भाकरींचे मेज, दीपवृक्ष, धूपवेदी, कोश. बसायला काही नाही. मराठीत ‘दयासन’ हा शब्द असल्यामुळे वाचकाला तिथे आसन होते असे वाटते. पण ते कोशाचे झाकण होते, त्यावर कोणी याजक बसत नसे. काम संपतच नव्हते, मग बसणार कधी? म्हणूनच १०:११-१२ मध्ये ‘प्रत्येक याजक रोज उभा राहतो’ आणि ‘हा मात्र बसला’ अशी जोडी येते. ‘बसला’ या एका क्रियापदात लेखकाने सगळे सांगून टाकले आहे.

आता तुमच्या प्रश्नातला उरलेला भाग. ख्रिस्ती उत्तर असे की शब्बाथ, सुंता आणि याजकपण ज्याच्याकडे बोट दाखवत होती ते आल्यावर त्यांचे बाह्य रूप संपले (कलस्सै २:११-१७, इब्री ७:१२). हे उत्तर यहुदी वाचकाला पटत नाही आणि ते का पटत नाही हे समजण्यासारखे आहे. त्याच्या दृष्टीने ‘तुमच्या पिढ्यानपिढ्या’ या शब्दांना बगल दिली गेली आहे. ख्रिस्ती माणसाने निदान ‘ते तात्पुरतेच होते, तसे लिहिलेच आहे’ असे म्हणू नये. तसे लिहिलेले नाही.

प्रश्न : इब्रीच्या आठव्या अध्यायात ‘करार’ आहे, आणि ९:१६ मध्ये एकदम ‘मृत्युपत्र’ येते. भाषांतरात चूक आहे का?

चूक नाही, पण सांधा दिसतो. ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी एकच शब्द आहे : ‘दियाथेके’. रोजच्या ग्रीक व्यवहारात त्याचा अर्थ मृत्युपत्र. दोन पक्षांनी समोरासमोर बसून केलेल्या तहाला ‘सिंथेके’ म्हणत. हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी ‘बेरीथ’साठी सहसा दियाथेके घेतला. सिंथेकेत दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या वाटतात, देवाच्या कराराला तो शब्द शोभला नसता, हे त्यामागचे कारण असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यामुळे तो शब्द ऐकताना ग्रीक वाचकाला दोन्ही अर्थ ऐकू येत. ९:१६-१७ मध्ये लेखक त्याचाच उपयोग करतो : करणारा मेल्यावरच मृत्युपत्र लागू होते. पौलही गलती ३:१५ मध्ये याच शब्दावर उभा राहून म्हणतो की माणसाचा पक्का झालेला दियाथेकेसुद्धा कोणी रद्द करत नाही की त्यात भर घालत नाही.

मराठीत दोन्ही अर्थ झेलणारा एक शब्द नाही. ‘करार’ म्हटले की भाडेकरार, खरेदीचा करार डोळ्यांपुढे येतो : दोन सह्या, अटी, मुदत, मोडल्यास भरपाई. या शब्दाने मराठी वाचकाची सर्वांत मोठी दिशाभूल इथेच होते. ‘नव्या कराराची मुदत किती’ असा प्रश्न दोन पत्रांत होता, तो यातूनच आलेला दिसतो.

त्यावर उपाय म्हणून उत्पत्तीचा पंधरावा अध्याय नीट वाचावा. देव अब्रामाला तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला आणि एक पारव्याचे पिल्लू आणायला सांगतो. अब्राम जनावरे मधोमध चिरून अर्धे अर्ध्यासमोर ठेवतो. पक्षी चिरत नाही. हिब्रूत करार ‘करत’ नाहीत, ‘कापतात’. त्या तुकड्यांमधून चालणारा जणू म्हणतो, ‘मी शब्द मोडला तर माझे असे होवो’ (यिर्मया ३४:१८-२० मध्ये हा अर्थ उघड आहे). दोन्ही पक्षांनी चालावे अशी वाचकाची अपेक्षा असते. पण सूर्य मावळतो, अब्रामाला गाढ झोप लागते, आणि तुकड्यांमधून धुमसती भट्टी आणि जळती मशाल जाते. अब्राम चालतच नाही. एकाच बाजूने शपथ घेतलेल्या या कराराला मुदतीचे कलम लावायचे तरी कुणावर?

प्रश्न : मोशेचा करार लोकांनी मोडला. मग नवा करार मी मोडू शकत नाही का? एकदा तारण झाले की ते जात नाही, असे आमचे पाळक सांगतात. माझी मैत्रीण दुसऱ्या मंडळीत आहे, तिथे उलट सांगतात.

इथे दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. करार टिकतो का, हा एक. त्यात असलेला माणूस त्यातून बाहेर पडू शकतो का, हा दुसरा. पहिल्याबद्दल मंडळ्यांमध्ये वाद नाही. तुमच्या आणि मैत्रिणीच्या पाळकांचे मतभेद दुसऱ्याबद्दल आहेत.

मोशेचा करार मोडला कसा ते पाहा. निर्गम २४ मध्ये मोशे अर्धे रक्त वेदीवर शिंपडतो, अर्धे कटोऱ्यांत ठेवतो, कराराचे पुस्तक वाचून दाखवतो, आणि लोक म्हणतात, ‘परमेश्वर जे काही सांगतो ते सर्व आम्ही करू.’ मग उरलेले रक्त लोकांवर. मोशे डोंगरावर चाळीस दिवस जातो. बत्तिसाव्या अध्यायात खाली सोन्याचे वासरू उभे असते. ‘आम्ही करू’ हे शब्द चाळीस दिवसही टिकले नाहीत. यिर्मया ३१:३२ मध्ये याच जखमेवर बोट ठेवले आहे : ‘तो माझा करार त्यांनी मोडला.’ दोष कराराच्या मजकुरात नव्हता, इब्री ८:८ सुद्धा दोष ‘त्यांना’ लावते. म्हणून नव्या करारात बदल होतो तो याच ठिकाणी. नियमशास्त्र दगडाऐवजी हृदयावर लिहिले जाते, आणि लोकांच्या बाजूने जामीन उभा राहतो (इब्री ७:२२). हा शब्द अगदी व्यवहारातला आहे : कर्जदार चुकला तर भरणारा.

आता दुसरा प्रश्न. सुधारित परंपरा (प्रेस्बिटेरियन आणि काही बॅप्टिस्ट मंडळ्या) असे शिकवते की ज्याला देवाने खरोखर धरले तो शेवटपर्यंत टिकतो. १६१८-१९ च्या डॉर्टच्या धर्मसभेने हे ठामपणे मांडले. योहान १०:२८-२९ आणि रोम ८:३८-३९ ही त्यांची मुख्य वचने. कॅथॉलिक शिकवणीत, १५४७ मध्ये त्रिदेंतच्या परिषदेने सांगितल्याप्रमाणे, प्राणघातक पापाने कृपा गमावते आणि प्रायश्चित्त संस्काराने परत मिळते. लूथरन आणि मेथडिस्टही माणूस विश्वासापासून ढळू शकतो असे मानतात. इब्री ६:४-६ आणि १०:२६-२९ ही विश्वास सोडून जाण्याबद्दलची वचने ते सरळ इशारा म्हणून वाचतात.

दोन्ही बाजूंना त्यांच्या त्यांच्या खोडी जडतात. पहिल्या शिकवणीतून बेफिकिरी येते : एका सभेत हात वर केला, आता काही बिघडत नाही. डॉर्टच्या लोकांना हे कधीच म्हणायचे नव्हते. दुसरीतून सतत भीती येते, आणि इब्रीचा सहावा अध्याय वाचून ‘माझ्या हातून ते घडून गेले’ असे ठरवून बसलेली माणसे पाळकांना भेटतात. त्यांना १०:२६ ची क्रिया चालू रूपातली आहे हे दाखवावे. जाणूनबुजून पाप ‘करत राहणे’ असा तिथला रोख आहे, आणि आधीच्याच वचनात एकत्र जमणे सोडून दिल्याची गोष्ट आहे. जो घाबरून परत येऊ पाहतो त्याच्यावर हे वचन मारायचे नसते. तसेच २ तीमथ्य २:१३ (‘आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो’) एकटे वाचू नका, वरचे बारावे वचनही वाचा : ‘आपण त्याला नाकारले तर तोही आपल्याला नाकारील.’ पौलाला दोन्ही शेजारी ठेवायला अडचण वाटली नाही.

प्रश्न : ‘जुने होऊन नाहीसे होण्याच्या बेतात आहे’ असे इब्री ८:१३ म्हणते. म्हणजे यहुद्यांशी देवाचा करार संपला?

एवढ्या एका वचनावरून असा निकाल देणाऱ्याने आधी यिर्मयाचा उतारा पुढे दोन वचने वाचावा. चौतिसाव्या वचनावर नवा करार संपतो आणि लगेच पस्तिसाव्या-छत्तिसाव्यात देव म्हणतो की सूर्य, चंद्र आणि तारे यांचे नियम माझ्यासमोरून टळले तरच इस्राएलाचा वंश राष्ट्र म्हणून राहायचा थांबेल. इब्री पत्रात हा भाग उद्धृत नाही, म्हणून पुष्कळांना तो ठाऊकच नसतो. शिवाय नवा करार ज्यांच्याशी करायचा ते कोण? ‘इस्राएलाचे घराणे आणि यहूदाचे घराणे.’ परराष्ट्रीय त्यात मागून आले. रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय त्यांना रानटी जैतुनाची कलम केलेली फांदी म्हणतो आणि बजावतो की तू मुळाला आधार देत नाहीस, मूळ तुला देते. त्याच अध्यायात, एकोणतिसाव्या वचनात, देवाची दाने आणि पाचारण अपरिवर्तनीय आहेत असे येते, आणि तिथे विषय यहुद्यांचाच आहे.

इब्री ८:१३ कशाबद्दल बोलते ते नवव्या अध्यायाच्या पहिल्या वचनातच कळते : उपासनेचे विधी, पृथ्वीवरचे पवित्रस्थान. इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमचे मंदिर पाडले आणि तिथले यज्ञ थांबले ते आजपर्यंत. लोक मात्र नाहीसे झाले नाहीत.

मंडळ्यांची मते इथेही सारखी नाहीत. कॅथॉलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात रोम ११ चा आधार घेतला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १७ नोव्हेंबर १९८० रोजी जर्मनीतल्या माइंझ शहरात यहुदी प्रतिनिधींसमोर जुन्या कराराचा उल्लेख ‘देवाने कधीही रद्द न केलेला’ असा केला. काही इव्हँजेलिकल गट नव्या कराराची इस्राएलाबाबतची पूर्तता अजून पुढे व्हायची आहे असे मानतात. इतर अनेक जण मंडळीलाच त्या वचनांची वारस मानतात. आमचे मत विचाराल तर, ज्या वाचनातून शेवटी यहुद्यांचा तिरस्कार निघतो ते वाचन रोम ११:१८ शीच ठेचकाळते. आणि दुसरे असे की जो देव इस्राएलाला दिलेला शब्द सहज मागे घेतो, त्याने आपल्याला दिलेला शब्द टिकेल यावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा?

प्रश्न : जुना गेला, नवा आला. मग पुढे तिसरा का नाही?

असे वाटणारे तुम्ही पहिले नाही. दुसऱ्या शतकात मोंतानसच्या अनुयायांना आपल्या संदेष्ट्यांतून आत्म्याचा नवा काळ सुरू झाला असे वाटे. बाराव्या शतकात इटलीतल्या फियोरेच्या योआकीमने इतिहासाचे तीन काळ पाडले : पित्याचा, पुत्राचा, आणि येऊ घातलेला आत्म्याचा. त्याच्या मागून आलेल्यांनी १२६० हे साल धरून ठेवले. ते साल आले आणि गेले.

तिसऱ्या कराराला ख्रिस्ती शिकवणीत जागा का नाही, याचे कारण इब्री १०:१८ मध्ये आहे : ‘जिथे पापांची क्षमा झाली, तिथे पापाबद्दल आणखी अर्पण नाही.’ नवा करार आणायला आधीच्यात काही राहून गेलेले असावे लागते. १९६५ च्या ‘देई वेर्बुम’ या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजातही हा करार नवा आणि निर्णायक असून तो कधीही टळणार नाही आणि प्रभूच्या येण्यापूर्वी नव्या सार्वजनिक प्रकटीकरणाची अपेक्षा नाही, असे म्हटले आहे. ‘मला देवाने नवा करार दिला’ म्हणून कोणी दारी आला तर त्याला विचारावे, पहिल्यात काय कमी पडले होते?

प्रश्न : यज्ञ एकदाच झाला तर प्रभुभोजन दर आठवड्याला किंवा महिन्याला कशासाठी? आणि मिस्सामध्ये (कॅथॉलिक उपासनेत) ‘नव्या आणि सार्वकालिक कराराचे रक्त’ म्हणतात, हे शब्द शुभवर्तमानांत सापडत नाहीत.

दुसरा भाग आधी. बरोबर, ते एका जागी सापडत नाहीत. लूक २२:२० आणि १ करिंथ ११:२५ मध्ये ‘हा प्याला माझ्या रक्तातला नवा करार’ असे आहे. मत्तय २६:२८ आणि मार्क १४:२४ मध्ये ‘माझे कराराचे रक्त’, आणि हे निर्गम २४:८ मधले मोशेचे शब्द आहेत. ‘सार्वकालिक’ इब्री १३:२० शी जुळतो. लॅटिन उपासनेत हे सगळे ‘नोवी एत एतेर्नी तेस्तामेंती’ या एका ओळीत गुंफले गेले. तुमच्याकडे दोन भाषांतरे असतील तर मत्तय आणि मार्कमध्ये एकात ‘नवा’ असेल, दुसऱ्यात नसेल. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तो शब्द नाही, नंतरच्या पुष्कळांत आहे. बहुधा लूक आणि पौलाच्या ओळखीच्या शब्दांवरून नक्कल करणाऱ्यांनी तो घातला. शिकवणीत यामुळे काही फरक पडत नाही.

पहिल्या भागाचे उत्तर : भोजनाने करार नव्याने केला जात नाही. प्रोटेस्टंट मंडळ्या त्याला स्मरण, घोषणा आणि सहभागिता म्हणतात. ख्रिस्त त्यात कसा हजर असतो यावरून १५२९ मध्ये मारबुर्ग इथे लूथर आणि झ्विंग्ली या दोन प्रोटेस्टंट सुधारकांचे जमले नाही ते नाहीच. कॅथॉलिक शिकवणीप्रमाणे तोच एक यज्ञ वेदीवर उपस्थित होतो, दुसरा होत नाही. ‘कॅथॉलिक लोक ख्रिस्ताला दर रविवारी पुन्हा बळी देतात’ असे प्रोटेस्टंट प्रवचनांत ऐकू येते. ते त्यांच्या शिकवणीचे चुकीचे वर्णन आहे. हे सगळे ‘तो येईपर्यंत’ चालायचे आहे (१ करिंथ ११:२६). म्हणजे करार कायमचा असला तरी त्याच्या या चिन्हाला मुदत आहे.

प्रश्न : मी बारा वर्षे मंडळीपासून दूर होतो. आता परत आलो आहे. बाप्तिस्मा पुन्हा घ्यावा का? काही जण म्हणतात करार पुन्हा करावा लागेल.

करार पुन्हा करावा लागत नाही. तुम्ही गेलात म्हणून तो फाटला नव्हता.

बाप्तिस्म्याबद्दल बहुतेक मंडळ्यांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. कॅथॉलिक (त्यांच्या शब्दांत स्नानसंस्कार), ऑर्थोडॉक्स, लूथरन, अँग्लिकन, मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन परंपरा एका माणसाला दुसऱ्यांदा बाप्तिस्मा देत नाहीत. जागतिक मंडळी परिषदेच्या १९८२ च्या लिमा दस्तऐवजानेही तो पुन्हा न होणारा विधी म्हटला आहे. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांचे वेगळे : तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा ते बाप्तिस्मा मानत नाहीत, त्यामुळे त्यांच्या लेखी तुमचा पहिलाच होईल. पण समजत्या वयात, विश्वास कबूल करून घेतलेला असेल, तर तिथेही नुसते दूर गेल्याच्या कारणाने तो सहसा पुन्हा देत नाहीत.

करायचे ते असे. पहिल्या मंडळीच्या नोंदवहीतून बाप्तिस्म्याचा दाखला काढा. दाखला मिळत नसेल तर ज्यांच्यासमोर तो झाला अशा माणसाची साक्ष चालते का ते पाळकांना किंवा फादरना विचारा. पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झाला होता का, हे दोन तपशील ते विचारतील. चौकशी करूनही शंका राहिली तर कॅथॉलिक पद्धतीत ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर’ अशी अट घालून विधी करतात; एकच बाप्तिस्मा ही शिकवण सांभाळायची म्हणून ही अट. परतल्याची काही खूण हवी असेल तर मेथडिस्ट मंडळ्यांत करार-नूतनीकरणाची उपासना असते. जॉन वेस्लीने ती १७५५ मध्ये लंडनमध्ये सुरू केली आणि आता बहुधा नव्या वर्षाच्या सुरुवातीला होते. त्यात नवे केले जाते ते आपले वचन.

प्रश्न : ‘नवा करार’ नव्हे, ‘नूतनीकृत करार’ म्हणावे, ग्रीकमधला ‘काइनोस’ म्हणजे दर्जाने नवा, ‘नेओस’ म्हणजे काळाने नवा, असे एका वक्त्याने सांगितले. खरे का?

हा फरक प्रवचनात छान वाटतो, पण इब्री पत्र तो पाळत नाही. ८:८ आणि ९:१५ मध्ये काइनोस आहे, १२:२४ मध्ये त्याच कराराला नेओस. हिब्रू ‘हादाश’ला ‘पुन्हा नवा’ ही छटा असू शकते. नियमशास्त्रही तेच राहते, जागा बदलते. तरी यिर्मया स्वतः ‘मी त्यांच्या पूर्वजांशी केला तसा नव्हे’ म्हणतो, तेव्हा ‘नवा’ हाच शब्द ठेवावा.

प्रश्न : आमच्या अभ्यासगटात दहा-बारा जण आहेत. एका तासात हा विषय कसा घ्यावा?

सगळी वचने घ्यायला जाऊ नका, तास तिथेच संपतो. दोनच उतारे घ्या : यिर्मया ३१:३१-३६ आणि इब्री १०:११-१८.

पहिली पंधरा मिनिटे यिर्मयाला. प्रत्येकाला पेन्सिल द्या आणि देव ‘मी’ म्हणून जे काही करणार आहे ती क्रियापदे अधोरेखित करायला सांगा. मराठीत ही ‘-ईन’ने संपतात, त्यामुळे चटकन सापडतात : करीन, ठेवीन, लिहीन, होईन, क्षमा करीन. मग ‘जर’ शोधायला सांगा. एकतीस ते चौतीस या वचनांत तो सापडत नाही. आता निर्गम १९:५ काढा. तिथे सुरुवातीलाच ‘जर’ आहे. गट स्वतःहून बोलू लागतो तो इथे. या जागी पाच मिनिटे गप्प बसा, लगेच समजावू नका.

नंतरची पंचवीस मिनिटे इब्रीला : कोण उभा, कोण बसला, किती वेळा, किती अर्पणे. उरलेला वेळ प्रश्नांना.

अडचणी दोन ठिकाणी येतात. कोणी तरी इब्री ८:९ आणि यिर्मया ३१:३२ शेजारी ठेवतो आणि शेवट जुळत नाही म्हणतो. यिर्मयात ‘मी त्यांचा पती असताही’ आहे, इब्रीत ‘मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले’ अशा अर्थाचे. कारण असे की इब्रीचा लेखक ग्रीक भाषांतरातून उद्धरण घेतो आणि तिथे हे वाक्य तसेच आहे. (ग्रीकमध्ये अध्यायांचा क्रमही वेगळा आहे, हा उतारा तिथे अडतिसाव्यात येतो.) दुसरी अडचण चौतिसाव्या वचनाची : ‘कोणी आपल्या शेजाऱ्याला शिकवणार नाही, कारण लहानथोर सर्व मला ओळखतील.’ मग तुम्ही आम्हाला काय शिकवता, असे हमखास कोणी तरी विचारतो. तिथे ‘ओळखणे’ आहे, माहिती असणे नाही. पूर्वी देवाजवळ जायला याजक मध्ये लागे, आता लहानातला लहानही थेट जातो. आणि ती ओळख अजून पुरी झालेली नाही, असेही मोकळेपणाने सांगावे. त्यासाठी प्रकटीकरण २१:३ काढून ठेवा. ‘ते त्याचे लोक होतील आणि देव स्वतः त्यांच्याबरोबर राहील’ हे यिर्मयाच्याच वाक्याचे शेवटचे रूप आहे, आणि तिथेही ते भविष्यकाळातच आहे.